त्याला उघडता येईल असं कुलूप

रेडिओ,

तू जिवंत आहेस, धडधाकट आहेस, आणि आत्ता लेकाच्या घरी बसून त्याच्या शेजारणीला काहीतरी ऐकवत असशील. तेव्हा हे मृत्युलेखासारखं वाटायला लागलं तर तिथेच थांब आणि मला फोन कर. विसरत चाललेल्या माणसांना घरी सांभाळणारी जी मंडळी आपल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात, त्यांना एक पुस्तिका काढायची आहे. त्यांनी मला तुझ्याबद्दल लिहायला सांगितलं. मी म्हटलं, तिलाच विचारा. तर त्यांच्यातली एक म्हणाली, "विचारलं होतं. भरपूर बोलल्या. पण कागदावर काय उतरवायचं तेच कळेना." हे मला लगेच पटलं. तुझ्या एका वाक्यात तीन माणसं येतात, आणि वाक्य संपायच्या आत त्यातल्या एकाचं लग्नही होतं. म्हणून मी तुझ्याशीच बोलते आहे. बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

त्यांच्यासाठी एवढं सांगून टाकते. ही माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आमच्या वडिलांनी हिला रेडिओ म्हणायला सुरुवात केली, आणि मग हिचं खरं नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं. भावाला घरात सगळे धाकटा म्हणत. त्याचं कुलपांचं दुकान होतं. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या बनवायच्या, किल्ली हरवून पायरीवर बसलेल्या लोकांची दारं उघडून द्यायची. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. आमच्या तिघांत शहाणं कोण, यावर मी इथे काही म्हणत नाही.

दुकान म्हणजे एक अरुंद बोळच. आत दिव्याखाली धाकटा कानस घेऊन बसलेला, आणि पुढे काउंटरवर तू. तो दिवसभरात जेवढे शब्द बोलायचा तेवढे तू एका गिऱ्हाइकावर खर्च करायचीस. लोक घाईत यायचे आणि घाई विसरायचे. किल्ली तयार होऊन थंड व्हायची तरी तुझी गोष्ट संपलेली नसायची. "मालकीणबाई, त्यांना जाऊ द्या," असं आतून आलं की समजायचं, आजचा त्याचा बोलण्याचा कोटा पूर्ण झाला.

मग त्याच्या किल्ल्या चुकायला लागल्या. आयुष्यभर ज्याची किल्ली पहिल्या फेरीत फिरली, त्याच्याकडे लोक किल्ल्या परत आणायला लागले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. माणूस सरळ होता, मला आवडला. दुकान मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाला दिलं. विकायला उरलेली कुलपं एका गोणीत भरून घरी आली, आणि गोणीमागून धाकटा आला.

पहिले काही महिने आपण दोघींनी जे केलं ते काही फार शोभणारं नव्हतं. संध्याकाळ झाली की तो शर्ट घालून दाराशी यायचा. "दुकान उघडायचंय."

मी असले तर म्हणायची, "दुकान आपण दिलं, धाकट्या."

"कुणाला विचारून?"

विचारलं त्यालाच होतं. सही त्याची होती. पण हे सांगून उपयोग काय?

तू असलीस तर म्हणायचीस, "अहो, आज सुट्टी आहे." ते आठवडाभर चाललं. मग एक दिवस तो तुझ्याकडे बघून म्हणाला, "रोज कसली गं सुट्टी?" सगळं विसरणारा माणूस तेवढं बरोबर लक्षात ठेवून होता.

आणि ते आईचं प्रकरण. त्यानं विचारलं, आई कुठे आहे. तू म्हणालीस, बाहेर गेल्यात, येतील. तुला वाटलं, सुटलो. तो खिडकीत जाऊन उभा राहिला. अंधार पडला तरी हलेना, जेवेना. अंधार झाला आणि आई अजून बाहेर आहे, म्हातारी आहे, तिला दिसत नाही. मी आले तेव्हा तो बूट शोधत होता. मी त्याला खाली बसवलं आणि सांगितलं, "आई गेली, धाकट्या. खूप वर्षं झाली. आपण दोघं होतो तिच्याजवळ." तो रडला. मग जेवला आणि झोपला. मला वाटलं, झालं. खरं ते खरं.

पुढच्या वेळी त्यानं विचारलं तेव्हा मी पुन्हा तेच सांगितलं. तो पुन्हा तितकाच रडला, जणू आत्ताच तार आली आहे. त्याच्या पुढच्या वेळीही. तेव्हा तू मला स्वयंपाकघरात ओढलंस आणि दात आवळून म्हणालीस, "वन्सं, रोज एकदा त्यांची आई मारायची का?"

"आणि तू तिला रोज अंधारात हरवतेस, ते?"

"मी निदान त्यांना रडवत नाही."

"तू त्याला खिडकीत उभं करतेस. पायांवर सूज बघितलीस का त्याच्या?"

हे सगळं आपण कुजबुजत बोलत होतो, म्हणजे रस्त्यावर ऐकू जाईल इतकंच. बाहेरून त्याचा आवाज आला, "तुम्ही दोघी भांडू नका. आई ओरडेल."

मग तुला हसू फुटलं, मलाही. आणि दुसरं काहीच सुचत नव्हतं म्हणून तू बाहेर जाऊन त्याला विचारलंस, "कशावरून ओरडायच्या हो तुम्हाला?" त्यानं सांगितलं. घड्याळ उघडून ठेवलं होतं, स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, आईनं फुंकणी घेतली. मग दुसरं सांगितलं, मग तिसरं. जन्मात इतकं बोलला नव्हता. आई कुठे आहे हे त्यानं त्या संध्याकाळी पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून आपण उत्तरं द्यायची सोडली आणि त्यालाच विचारायला लागलो. दर वेळी चालायचं नाही. कधी कधी तो म्हणायचा, "ते राहू दे, आई कुठे आहे ते सांग." मग जिच्यावर पाळी येईल तिनं आपापल्या पद्धतीनं निस्तरायचं. यावर आपलं एकमत अजूनही नाही, आणि पुस्तिकेत तसंच छापावं.

मग तो निसटला.

भर दुपारी. तू कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलीस, दाराला बाहेरून कुलूप लावून. दाराला आतून लॅच, बाहेर कुलूप, आणि मागचं दार जिन्यात उघडणारं, त्यालाही आतून कुलूप. कुलूपवाल्याच्या घरात कुलूपवाल्याला कुलपात ठेवायचं हे आपल्यालाच सुचू शकतं. त्यानं मागचं कुलूप तुझ्या केसांच्या आकड्यानं उघडलं, ते नीट टेबलावर ठेवलं आणि गेला.

सापडला तो दुकानात. मोबाइलवाला शटरला कुलूप लावून जेवायला गेला होता. परत येऊन बघतो तर शटर वर, दिवा लागलेला, काउंटरमागे आपला धाकटा, आणि समोर एक बाई तिष्ठत उभ्या. बाईंनी विश्वासानं फोन त्याच्या हातात दिला होता. तो फोन चारी बाजूंनी फिरवून बघत होता आणि त्यांना विचारत होता, "ह्याची किल्ली कुठे हरवली?" मोबाइलवाला भला माणूस. त्यानं चहा मागवला, तुला फोन केला, आणि वर म्हणाला, "काकू, शटरला ओरखडासुद्धा नाही हो. मी किल्लीनं उघडतो तेव्हा जास्त ओरखडे पडतात."

आपण हसलो. पण घर आणि दुकान यांच्यामध्ये तो मोठा रस्ता आहे, आणि तो त्यानं घरातल्या सपाता घालून ओलांडला होता. लेकाला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. पुढच्याच गाडीनं आला. सरळ म्हणाला, "आई, बाबा पुन्हा एकदा असे बाहेर गेले तर मी त्यांना संस्थेत ठेवणार. मला वाईट म्हण, काहीही म्हण." त्याचं मला चूक वाटलं नाही. ती संस्था मी जाऊन बघून आले. स्वच्छ होती, बाग होती, माणसं बोलायला चांगली होती. मी तुला तसं सांगितलंही.

तू म्हणालीस, "ह्यांना घरातच राहायचंय."

"त्यानं सांगितलं तुला?"

"दुकान दिलं त्या दिवशी. म्हणाले, दुकान गेलं, आता घरातून नका काढू."

"त्याला ते आता आठवतही नसेल."

"मला आठवतं ना," तू म्हणालीस. तेवढं एकच वाक्य.

लेकानं जायच्या आधी दाराला आतून नंबरचं कुलूप बसवलं. भोक नाही, दात नाहीत, आकडे फिरवायचे. संध्याकाळी धाकटा शर्ट घालून दाराशी आला. कुलूप हातात घेऊन किल्लीचं भोक शोधायला लागला. उलटं केलं, बाजूनं बघितलं, नख फिरवलं, कानाशी धरलं. कितीतरी वेळ. बाहेर जायचं होतं हे तो कधीच विसरला होता. शेवटी कपाळ दाराला टेकवून उभा राहिला आणि तुला म्हणाला, "मी कुलपं उघडतो. मी कुलपं उघडतो ना?"

तू त्याला हाताला धरून जेवायला नेलंस.

दुसऱ्या दिवशी मी आले तर नंबरचं कुलूप धान्याच्या डब्यात पडलेलं, आणि दाराच्या आतल्या कडीला गोणीतलं जुनं पितळी कुलूप. तू धाकट्याच्या खिशात रुमाल घालत होतीस. रुमालाच्या पाठोपाठ त्याची वाकडी तार घातलीस, दुकानात तो कुलपं उघडायचा तीच.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी विचारलं.

"आहे."

"दाराला कुलूप लावायचं आणि ते उघडायचं हत्यार त्याच्या खिशात घालायचं?"

"वन्सं, ह्या कुलपाला सात लिव्हर आहेत. ह्यांना वेळ लागतो. आणि आवाज येतो. खरखर. मी स्वयंपाकघरात असते, मला ऐकू येतो. खरखर थांबली की मी हात पुसून येते."

"आणि यायच्या आत तो गेला तर?"

"तर तुमचा भाचा आहेच."

संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. धाकटा दाराशी आला, कुलूप दिसलं, आणि त्याचा चेहराच बदलला. खाली स्टूल होतंच, तूच ठेवलेलं. बसला. तार काढली. डोकं एका बाजूला कलतं करून, डोळे अर्धे मिटून, तो काम करायला लागला. खरखर, मग शांत, मग खरखर. तू आत भांडी घासत होतीस आणि त्या दिवशी तोंड बंद ठेवून घासत होतीस. मग खट्ट झालं. तू ओल्या हातांनीच आलीस. त्यानं कुलूप तुझ्या तळहातावर ठेवलं. "झालं."

"वा. गिऱ्हाईक खूश होणार," तू म्हणालीस. "चहा घेणार का?"

घेतला. दाराकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

हे बरेच दिवस छान चाललं, आणि मग ते कुलूप त्याला जड जायला लागलं. खरखर लांबायला लागली, मग त्याचा संताप. एकदा तू त्याच्या खांद्यावरून हात घालून गुपचूप किल्ली फिरवलीस. त्याला कळलं. हातांना कळतं. "मला फसवतेस?" म्हणून त्यानं कुलूप भिरकावलं, आरशाला तडा गेला, आणि तू त्याच्यावर इतकी ओरडलीस की वरच्या मजल्यावरची जोडी खाली आली. तू दार किलकिलं करून त्यांना सांगितलंस, "काही नाही, बातम्या लागल्या होत्या." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलीस. पुस्तिकेच्या वाचकांनी हेही वाचावं. ही बाई देवी वगैरे नव्हती.

तू बाहेर आलीस तेव्हा मी म्हटलं, "अगं, मुलगा नापास व्हायला लागला तर पेपर सोपा काढ."

मग दोघी मिळून गोणी ओढून आणली. आपण जमिनीवर बसून, चष्मे लावून, एकेक कुलूप हातात घेऊन सोपं कुठलं आणि अवघड कुठलं ते ठरवायला लागलो, केसांचे आकडे घालून. एकही उघडलं नाही. आकडे तेवढे मोडले. तू म्हणालीस, "इतकी वर्षं दुकानात बसले, पण बघितलं कधीच नाही." शेवटी धाकट्यालाच परीक्षक करून बोलावलं. टेबलावर कुलपं मांडली आणि त्याला म्हटलं, तपासून दे. त्यानं दुपारभर उघडली, आणि तू शेजारी बसून जी लवकर उघडली ती डावीकडे, उशिरा उघडली ती उजवीकडे ठेवत गेलीस. न उघडलेली मी परत गोणीत टाकली, त्याला दिसणार नाहीत अशी.

पुढे दाराला कुठलं कुलूप आहे यावरून मला त्याची तब्येत कळायला लागली. सातवरून पाच लिव्हरवर आला. मग ते चौकोनी लोखंडी. मग सायकलचं. तू कधी आधीचं अवघड कुलूप पुन्हा लावून बघायचीस, कदाचित जमेल म्हणून. जमलं नाही की उद्या निमूटपणे सोपं.

लेक न सांगता आला तो त्या लोखंडी कुलपाच्या काळात. दारावरचं कुलूप बघितलं, मग बाबांच्या खिशातली तार बघितली.

"आई, हे काय आहे?"

"तार."

"मला दिसतंय. तू त्यांना दार उघडायला शिकवतेस?"

"मी काय शिकवणार? त्यांनीच मला पोसलंय त्यावर."

"आत्या, तू तरी."

मी म्हटलं, "बस. संध्याकाळ होऊ दे. मग जे बोलायचं ते बोल."

संध्याकाळ झाली. धाकटा आला, स्टुलावर बसला. खरखर सुरू झाली. लेक भिंतीला टेकून उभा. बऱ्याच वेळानं खट्ट झालं. पण त्या दिवशी धाकट्यानं कुलूप कुणाला दिलं नाही. ते कडीतून काढलं, उठला, आणि कडी सरकवून दार उघडलं. लेक पुढे झाला. तू त्याचं मनगट धरलंस. आणि सोडलं नाहीस. धाकट्यानं जिन्यात डोकावून बघितलं, वर, खाली. मग दार लावून घेतलं.

"गिऱ्हाईक गेलं वाटतं," तो म्हणाला. मग त्याला लेक दिसला. त्यानं कुलूप त्याच्या हातात दिलं. "हे तुमचंच का, साहेब? घ्या. किल्ली जपा आता."

लेकानं घेतलं. थोड्या वेळानं त्यानं स्वतः तार घालून बघितली. धाकटा शेजारी उभा राहून बघत होता. "तुम्हाला नाही जमायचं," तो म्हणाला. "हात जड आहे."

लेक त्या रात्री राहिला. सकाळी निघताना त्यानं संस्थेचं नाव काढलं नाही, पण तुला म्हणाला, "दारावर एक घंटी बसवून घे. दार उघडलं की वाजेल अशी. तू बहिरी होत चाललीयेस." ते खरं होतं. घंटी बसवली. धाकट्याचं उरलेलं आयुष्य त्या घरात गेलं.

सायकलच्या कुलपानंतर गोणीत सोपं असं काही उरलं नाही. त्याचे हात नुसते कुलपावरून फिरायचे. तू मला फोन केलास. "वन्सं, ते तुमच्याकडचं कुलूप आहे ना, ट्रंकेचं?"

ते त्यानं शिकताना बनवलेलं पहिलं कुलूप. मी कॉलेजला वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा त्यानं ते माझ्या ट्रंकेला लावून दिलं, मोठ्या ऐटीत. कुठल्याही तारेनं उघडायचं. ठोसा मारला तरी उघडायचं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं वर्षभर माझी बिस्किटं खाल्ली. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, आणि कुलूपही बदललं नाही.

"उद्या आणते," मी म्हटलं.

ट्रंक माळ्यावर होती. खालच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावून ती उतरवून घेतली. कुलूप गंजून घट्ट बसलं होतं. ठोसा मारला, तार घातली, काही नाही. ज्या कुलपावर कधी भरवसा ठेवता आला नाही, ते त्या दिवशी हट्टाला पेटलं. धाकट्याची रीत मला माहीत होती: जबरदस्ती करायची नाही, तेल सोडायचं आणि थांबायचं. मी तेल सोडलं आणि झोपले.

सकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "वन्सं, कुलूप राहू द्या. नुसत्या या."

मी आले.

धाकट्याचे दिवस झाल्यावर तू लेकाकडे गेलीस. गेल्या महिन्यात फोनवर तू सगळं बोलून झाल्यावर विचारलंस, उघडलं का ते? नाही उघडलं. ट्रंक अजून माझ्या दाराशीच आहे, येता-जाता पायात येते. कुलूप तसंच तिला लटकलेलं आहे. आठवण झाली की मी त्यात तेल सोडते. तुझ्याकडे ते पोचवायचं मात्र राहूनच गेलं.